नाकतोड्यामागचा लाल डाग

४ डिसेंबर
शाळेत रजा टाकून सांगलीहून गावी. आप्पा घरातून निघून गेल्याला आज सत्तावीस दिवस. विहिरीत दोनदा गळ टाकून झाला, काही नाही. भावकी आता आईला म्हणते, मनाची तयारी कर. ती रोज कुंकू लावते, कुणाशी वाद घालत नाही.

६ डिसेंबर
आप्पा गेले त्या सकाळी मी गावीच होतो, शेतात फोटो काढत. ते फोटो आज उघडले. इतके दिवस कॅमेऱ्याच्या कार्डाला हात लावायची छाती नव्हती.
ज्वारीच्या पानावर नाकतोडा. अ‍ॅपर्चर २.८. म्हणजे भिंग सताड उघडं. डोळा लख्ख, मिशीचं टोकसुद्धा पुसट. मागचा कचरा दिसायला नको म्हणून मीच एवढं उघडं ठेवलेलं. चौदा फोटो. मागे एक लाल डाग.

७ डिसेंबर
डाग म्हणजे आप्पांचा पटका. दुसरं काय असणार.
मी बांधावर पालथा, डोळा कॅमेऱ्याला. पानावर सावली आली. डोक्यावरून आवाज, "पाव्हणं, कुठलं म्हणायचं?" आमच्याकडे परक्याला असंच विचारतात. मी मान वर न करता, "आवं, बाजूला व्हा की, सावली पडतीया."
"बरं, बरं." सावली सरकली.
आवाज आप्पांसारखा वाटला होता. पण आप्पा मला पाव्हणं कशाला म्हणतील? ते माणसं विसरायला लागलेत हे ठाऊक होतं. मला नाही विसरणार, हा माझा माज.

९ डिसेंबर
तिथंच जाऊन आलो. काठीला आईचं लाल लुगडं बांधून उभं केलं. २.८ ला डाग. आकडा वाढवला की भिंग बारीक होतं, मागचं उमटतं. ८ ला कापड आहे एवढं कळतं. १६ ला माणूस असता तर वाकलेली पाठ तरी ओळखू आली असती. पण १६ ला शटर सावकाश, त्या सकाळी वाऱ्यानं पान हलत होतं, फोटो हललाच असता. हलू दे की मेला! आणि मान वर केली असती तर कॅमेराच लागला नसता.

१० डिसेंबर
चौदाही ओळीनं लावले. डाग डावीकडून उजवीकडे जातो. विहीर डावीकडे. उजवीकडे विजापूरचा रस्ता. आम्ही इतके दिवस पाण्यात शोधतोय.
आईला सांगायला हवं. म्हणजे मी त्यांना हाकललं, हेही सांगायला हवं. लय भीती वाटतेय.

१२ डिसेंबर
सांगितलं. लॅपटॉपवर दाखवलं. आई डागावर बोट ठेवून बसली.
"काय म्हनलं तुला?"
सांगितलं.
"आन् तू?"
तेही सांगितलं. वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
"कुठलं गाव ते सांगितलं न्हाईस व्हय?"
"न्हाई."
"सांगायचं व्हतंस रं. गावाचं नाव ऐकून तरी माघारी फिरलं असतं."
उद्या दोघं विजापूरच्या रस्त्याला लागतोय.