गोरज मुहूर्ताची लेन्स

बजाजनगर, वाळूज,
छत्रपती संभाजीनगर.
बुधवार.

तीर्थस्वरूप सखाराममामा यांना भाचा गोकुळचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. पारूमामीलाही माझा नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा आता कसा आहे, मका विकला का अजून घरातच आहे, आणि मामीची शुगर तपासली का, हे सगळं कळवावं. आमच्याकडं सगळे ठीक आहेत. म्हणजे बाकीचे ठीक आहेत, माझं काही खरं नाही. फोनच करणार होतो, पण तुम्हाला फोनवर प्रत्येक गोष्ट दोनदा वरडून सांगावी लागते, आणि दोन खोल्यांच्या घरात वरडून सांगितलेलं तुमच्या आधी तुमच्या सुनेला, आशाला कळतं. म्हणून हे पत्र. शेजारचा आकाश नोकरीसाठी रोज सिल्लोडला येतो, तो शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटला की आणून देईल. तवर ते मी अशा ठिकाणी ठेवणार आहे की तिथं कोणाचा हात जायचा नाही.

मामा, तुमच्या सोनियाच्या लग्नाला अकराच दिवस राहिले. लग्नाचे फोटो मी काढतो असं चार माणसांत मीच बोललो, आणि तुम्हीही लगेच ठरवलेल्या फोटोवाल्याला नको म्हणून कळवलं. आता त्यानं ती तारीख दुसरीकडं दिली. म्हणजे सोनियाचे फोटो निघाले तर माझ्या हातून, नायतर निघालेच नाहीत. मी असं का बोलून बसलो ते तुम्हाला ठाऊक आहे. राग मानू नका, पण तेवीस वर्षांपूर्वी आमच्या लग्नात फोटो तुम्ही काढले होते. कोणाचा तरी कॅमेरा मागून आणला, हळदीपासून वरातीपर्यंत खटके दाबले, माझ्या सासऱ्याला तीनदा फेटा नीट करायला लावला, आणि संध्याकाळी कॅमेरा उघडला तर आत रोलच नव्हता. मी तुम्हाला तेव्हाही काही बोललो नाही, आताही बोलत नाही. पण कोणाच्या घरी गेलो आणि लग्नाचा अल्बम हातात दिला की आशा तो मांडीवर ठेवते, दोन मिनिटं बसते आणि न उघडता परत देते. भांडली असती तर बरं झालं असतं. तर आपल्या घरात पुन्हा असं होऊ नये म्हणून मी पुढं झालो, एवढंच.

आता कॅमेऱ्याचं ऐका. आशानं भिशीचे पंचवीस हजार काढून दिले आणि त्यावर एक रुपया मिळायचा नाही म्हणून बजावलं. मी औरंगपुऱ्यात सात दुकानं फिरलो. नव्या कॅमेऱ्याचा भाव ऐकून मी दोन दुकानांतून पाणी पिऊन परत आलो. शेवटी एका गल्लीत मुजीबभाई म्हणून जुने कॅमेरे विकणारा एक भला माणूस भेटला. त्यानं माझं बजेट विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "मामू, पहले ये बोलो, शादी दिन की है के शाम की?" मी म्हटलं, गोरज मुहूर्त, सहा वाजून पाच मिनिटं. तर त्यानं पंख्याकडं बघून असा श्वास सोडला की डॉक्टरनं रिपोर्ट वाचून सोडावा. डिसेंबरात त्या वेळेला दिवस मावळलेला असतो, मंडपात जांभळे-हिरवे दिवे, आणि कॅमेऱ्याबरोबर जी लेन्स येते तिला अंधारात कमी दिसतं, असं त्याचं म्हणणं. तिच्यानं काढलेला नवरदेव धुक्यातून आल्यासारखा दिसतो. अंधारासाठी मोठ्या भोकाची लेन्स वेगळी घ्यावी लागते.

या भोकाचं गणित मला अजून पटलेलं नाही. लेन्सवर एक आकडा असतो. आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, आणि भोक जितकं मोठं तितका भाव मोठा. मी कंपनीत क्वालिटीला आहे, रोज चारशे नगांची भोकं गेज लावून तपासतो, पण भोकाला एवढा भाव आम्हाला कोणी दिला नाही. तर मोठ्या भोकाच्या दोन लेन्स त्यानं पुढं ठेवल्या. एक पस्तीसची, एक पन्नासची, हा आकडा भोकाचा नाही, आणखी वेगळाच. पस्तीसची बारा हजार आणि पन्नासची आठ. आता तुम्हीच सांगा मामा, पन्नास कमी पैशात मिळत असताना पस्तीस जास्त पैशात कोण घेईल? मुजीबभाई काहीतरी समजावत होता, पण मला वाटलं माल खपवतोय. मी पन्नास उचलली. (कॅमेरा आणि त्याची स्वतःची लेन्स मिळून पंचवीस आधीच झाले होते. वरचे आठ मी ओव्हरटाइमचे घातले, ते आशाला माहीत नाही.) घरी आल्यावर कळलं की ही पन्नासची लेन्स जागची हलत नाही. जवळ-लांब काही होत नाही. माणूस मोठा दिसला की आपणच मागं सरकायचं, आणि पस्तीसच्या मानानं लई मागं सरकायचं.

हे साखरपुड्याला माझ्या अंगाशी आलं. तुम्ही मंडपाच्या त्या अंगाला होता, म्हणून खरं काय घडलं ते लिहितो. वराकडचे बाराजण एका ओळीत उभे केले, तर कॅमेऱ्यात चारच मावत होते. मी मागं गेलो, सहा झाले. आणखी मागं गेलो, नऊ झाले. बारावा माणूस आत आला तेव्हा मी नवरदेवाच्या मावशीच्या, गोजरबाईंच्या मांडीवर बसलेलो होतो. त्यांच्या ताटातली बुंदी माझ्या पँटला लागली ती लागलीच. बाई वरडल्या नाहीत. म्हणाल्या, "बस बाबा, दमला असशील." पण नंतर त्यांनी सगळ्यांसमोर सुचवलं की लग्नाला फोटोवाला आम्हीच घेऊन येतो. आणि तुम्ही छाती काढून म्हणालात, नको, आमचा गोकुळ आहे. मामा, त्या तुमच्या बोलण्यानंतर मी ताट सोडून पुन्हा कॅमेरा उचलला.

फोटो मात्र आले. दोनशे अकरा वेळा खटका दाबला, वहीत रेघा मारून मोजलेत, ती कंपनीची सवय. प्रत्येक फोटो मागच्या पडद्यावर क्षणभर दिसला, मी तपासला आणि पास केला. (कोपऱ्यात एक इवलंसं चिन्ह लुकलुकत राहतं, ते जुन्या कॅमेऱ्याचं दुखणं असंल.) मागचे फोटो पुन्हा काढून बघत बसलो नाही, कारण बॅटरी एकच आहे आणि तीही म्हातारी. तुमची सून मात्र मोबाईल घेऊन सारखी मधी येत होती. मी एकदा तिला सगळ्यांदेखत बाजूला हो म्हणालो, ते मला म्हणायला नको होतं.

मुजीबभाईनं कॅमेऱ्यावर एक नवं कोरं कार्ड फुकट दिलंय, नखाएवढं, सीलबंद. त्याच्यावर हजारो फोटो बसतात म्हणे. ते मी फोडलं नाही. मोबाईलसारखी कॅमेऱ्याच्या पोटात जागा असतेच, सरावाला ती पुष्कळ झाली. नवी वस्तू आपण मुहूर्ताशिवाय वापरत नाही, तसं ते पाकीट लग्नाच्या दिवशी हळदकुंकू लावूनच फोडायचं ठरवलंय. तवर रोज सहा वाजून पाच मिनिटांनी गच्चीवर सराव चालू आहे. दोरीवर चादर म्हणजे अंतरपाट, एका बाजूला आमची पोरगी मोनाली नवरी, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी नवरदेव. चादर ओढली की खटका. अंतरपाट दूर झाला की दोघं एकमेकांकडं बघतात, ते एवढंच असतं मामा. कंपनीत नग बिघडला तर दुसरा करता येतो. इथं सोनियाला पुन्हा उभं राहा म्हणता येत नाही. काल माझा हात हलला आणि टाकी पुसट दिसली, तेव्हापासून मी चहा सोडलाय.

मामीला सांगा की मंडपात माझ्या मागं वीस फूट मोकळी जागा ठेवा आणि तिथं एकही खुर्ची नको. गोजरबाईंना तर दुसऱ्या टोकाला बसवा. थोरांना नमस्कार, लेकरांना पापा.

तुमचा भाचा,
गोकुळ

ता. क. खरं काम राहिलंच. नवी लेन्स मी ज्वारीच्या पिंपात खाली दडवली होती. सोनकिड्यासाठी ज्वारीला बोरिक पावडर लावलेली असते हे ध्यानात राहिलं नाही. पण ती आपोआप स्वच्छ निघाली, चांगल्या मालाचं हे असं असतं. काल आशानं विचारलं, आधीची लेन्स लांब होती, ही बुटकी कुठली? माझ्या तोंडातून निघून गेलं की सखाराममामांनी भाच्याला आहेर केला. तेव्हा ती विचारील तर व्हय म्हणा.

ता. क. दुसरा. साखरपुड्याच्या फोटोंची काळजी नको. दोनशे अकराच्या दोनशे अकरा कॅमेऱ्यात सुखरूप आहेत. मी काही तुमच्यासारखा रिकाम्या कॅमेऱ्यानं फोटो काढणारा नाही, हे आपलं गमतीनं लिहिलं.

ता. क. तिसरा. मामंजींना आशाचा नमस्कार. अक्षर बदललं म्हणून दचकू नका. दळण काढायला पिंपात हात घातला तर हे पत्र लागलं. लेन्स मला आधीच सापडली होती, पावडर मीच पुसून ठेवली. आहेर केला म्हणून खोटं बोलायची गरज नाही. कार्डाचं सीलबंद पाकीट बघून मला शंका आली, म्हणून हे पहिल्या पाळीला गेल्यावर कॅमेरा घेऊन औरंगपुऱ्यात गेले. मुजीबभाईंनी बाजूचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. या कॅमेऱ्याच्या पोटात काही राहत नाही, सगळं कार्डावरच राहतं. साखरपुड्याचा एकही फोटो नाही. मी मोबाईलवर चाळीस काढलेत, ते सोनियाला पाठवते.

यांना काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. दुसरं कार्ड विकत घेऊन मी आत घालून ठेवलंय आणि पाकीट होतं तसं ठेवलंय. ऐन लग्नात झाकण उघडतील तेव्हा आत एक बसलेलं दिसेल. यांना वाटेल ते पहिल्यापासून होतं. वाटू द्या. रोज गच्चीवर टाकीसमोर श्वास रोखून उभे असतात, ते मला खालून दिसतं.

एक मागणं आहे. हारवाल्याला दोन हार जास्तीचे सांगा. सोनियाचं सगळं उरकलं की आम्हा दोघांना तिथंच उभं करा आणि कॅमेरा यांच्या हातातून काढून घ्या. फोटो तुम्हीच काढायचा. या वेळी आत कार्ड आहे, मी स्वतः बघितलंय.