फातिहाचा अर्थ, मराठीतून

डिचोली, शुक्रवार, मगरिबच्या, संध्याकाळच्या नमाजेनंतर

जमलं!

विद्यापीठात वर्षभर वसतिगृहातल्या मैत्रिणींबरोबर कुराणाचा अर्थ वाचतेय. आज दुपारी वाड्यावरच्या शेजारणी आमच्या घरी जमल्या, तेव्हा धीर करून म्हटलं, सूरह फातिहाचा, कुराणातल्या पहिल्या अध्यायाचा, अर्थ मी मराठीतून सांगते. जैबुनखाला उसळल्याच. "चार बुकां शिकलंस म्हणून आता आमकां दीन-धरम शिकवतलंस?" लहानपणी मला नमाज शिकवली ती यांनीच. गप्प बसावं का? पण अम्मी म्हणाली, "सांगू दे तिला."

एकेक ओळ सांगत गेले. 'आम्हाला सरळ वाट दाखव' इथवर आले आणि खालांनी हात वर केला.

"थांब. परत सांग."

परत सांगितलं.

"ह्याच म्हणतंय मी रोज?"

"रोज, खाला. प्रत्येक नमाजेत."

त्यांचे डोळे भरून आले. साठ वर्षं अरबीतून पाठ म्हणत होत्या, अर्थ न कळता! ते 'परत सांग' अजून कानात आहे. जैबुनखाला, आणि मला विचारतात?

निघताना त्यांनीच दारात सगळ्यांना बजावलं, "फुडल्या शुक्रारा ह्याच वेळार येवचां. आमची मास्तरीण शिकवतली!"