वॉकरची मूठ

मये, मंगळवार, संध्याकाळ

आज उगाच तोंड सोडलं. आई गेल्यावर तिचा वॉकर मी महिला मंडळाला दिला होता, ज्याला लागेल त्याने न्यावा म्हणून. तीन-चार घरं फिरून आज तो परत आला, तर मुठीवरची आईच्या लुगड्याची हिरवी पट्टी दिसेना. पट्टी कशाला काढली? विचारलंच फटकन. आणि समोर कोण, तर हरमलची रुक्मिणीबाय. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली. आता पुन्हा मासळी विकते, वॉकर द्यायला बसने स्वतः आली.

हसली. म्हणाली, "काढूक नाय गो बाय. तिच्याच वयर सगळ्यांनी आपापली बांदली. माजी ही निळी."

चाचपून बघितलं. एकावर एक, घराघरांतलं कापड. मूठ इतकी जाड झालीय की माझ्या हातात मावत नाही. आणि मी एका पट्टीसाठी भांडत होते!

उद्या वॉकर डिचोलीला, परांचीवरून पडलेल्या बेळगावच्या गवंड्याकडे. आईच्या वॉकरचं हे मिरवावंसं वाटतंय; या वहीत मिरवलं तर कोण बघतंय?

आई हा वॉकर धरून जेमतेम तुळशीपर्यंत जायची. तिचं लुगडं मात्र हरमलचा समुद्र बघून आलं.