दुसऱ्यांदा विचारायचं

२ जून, सकाळी
नवी टर्म, नवी रोजनिशी. संकल्प: समुपदेशनाच्या शिक्षणात क्रांती. वजन कमी. कुणावरही चिडायचं नाही.
ही काल बहिणीकडे गेली. बहिणीचा गुडघा दुखतो म्हणे. मोठी बॅग नेली. गुडघ्याची दुखणी लांबतातच. निघताना चेहरा उतरलेला वाटला म्हणून काय झालं विचारलं, तर काही नाही म्हणाली. काही नाही म्हणजे काही नाही. मी माणसाच्या शब्दाचा मान राखतो. बॅगेची चेन अडकली होती, ती लावून दिली.
घर शांत. लिखाणाला उत्तम.

४ जून
पहिला तास गाजवला. फळ्यावर एकच ओळ लिहिली: जेवलात का? वर्ग चक्रावला. मग समजावलं. परक्या पुस्तकांतले प्रश्न आपल्या माणसांवर लादू नका. तुमच्या भावना काय आहेत असं विचारलं की आपला माणूस आधी दचकतो, मग घड्याळ बघतो. जेवलात का विचारा. आपल्याकडे मनातलं सगळं पोटाच्या वाटेनं बाहेर येतं.
आणि माझा सुवर्णनियम: पहिलं 'हो' आणि पहिलं 'काही नाही' कधीच खरं नसतं. दुसऱ्यांदा विचारायचं. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.
मागच्या बाकावर एक शंकेखोर बाई बसतात. त्यांनी विचारलं, सर, हे घरच्यांनाही लागू आहे का? म्हटलं, बाई, आपण व्यावसायिक आहोत.

७ जून
कुकर लावला. शिट्टीची वाट बघत बसलो. शिट्टी नाही, नुसता करपट वास. मेहुणीला फोन केला, तेव्हा कळलं की झाकणाला रिंग लावावी लागते. ही कुठे आहे विचारलं, तर अंघोळीला गेलीय म्हणाली. काल झोपली होती. परवा बाजारात होती. गुडघा मेहुणीचा दुखतोय आणि दर वेळी फोन घ्यायला मेहुणीच धावते. चमत्कारिक गुडघा आहे.
ओट्याशी उभ्यानं बिस्किटं खाल्ली. वजनाच्या दृष्टीनं योग्यच.

११ जून
आज प्रात्यक्षिक. अशील, म्हणजे सल्ला घ्यायला आलेला माणूस, व्हायला कुणी तयार होईना, तेव्हा मीच खुर्चीत बसलो. पात्र जागेवर रचलं: एक गृहस्थ, पन्नाशी उलटलेले, बायको बहिणीकडे गेलेली. पूर्णपणे काल्पनिक.
पुढच्या बाकावरच्या मुलीनं जेवलात का विचारलं. हो म्हणालो. तिनं नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं. मग काय झालं कळलं नाही, मी ढसाढसा रडलो. वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्यात अभिनयाचं अंग आहे हे इतकी वर्षं माझ्यापासूनच लपून राहिलं!
प्रात्यक्षिकानंतर भूमिका उतरवायची असते. आपलं नाव सांगायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, मी तो गृहस्थ नाही. बेल झाली म्हणून राहून गेलं.

१८ जून
लोकाग्रहास्तव पुन्हा गृहस्थ. तिसरी वेळ. शंकेखोर बाई म्हणाल्या, सर, परीक्षेला घाबरणारं पोर घेऊ या, नोकरी गेलेला माणूस घेऊ या, रोज हाच गृहस्थ कशाला? म्हटलं, केस मुरू द्यावी लागते. बेल आजही मध्येच झाली.
पँट कमरेत सैल झाली आहे. एक संकल्प तरी तडीस!

२३ जून
विभागप्रमुखांनी बोलावलं. समिती आपला अभ्यासक्रम तपासायला येतेय. आवडला तर सगळ्या शाखांत लागू, नाही तर गुंडाळायचा. मी निश्चिंत. योजना तयार: समिती वाहवा करणार, पेपरात येणार, ही वाचणार, ही परत येणार. यात कुठेही फट नाही.
गुडघा कसा आहे असा हिला मेसेज केला. उत्तर आलं: कुणाचा?
नेटवर्क खराब असावं.

३० जून
समिती आली. मी खुर्चीत. समोर नेमक्या शंकेखोर बाई.
त्यांनी जेवलात का विचारलं. हो म्हणालो. दुसऱ्यांदा विचारलं. बिस्किटांचं सांगितलं. कुणी करून घालत नाही का म्हणाल्या. बायको गेली म्हणालो. काय झालं होतं? तिला विचारलं होतं, काही नाही म्हणाली. बाईंनी हळूच विचारलं, मग दुसऱ्यांदा काय विचारलंत?
मी फळ्याकडे बघितलं. दुसऱ्यांदा विचारायचं. माझंच अक्षर.
बॅगेची चेन लावून दिली, म्हणालो.
समितीतल्या बाई चष्मा पुसत बसल्या. तास संपायला आज भरपूर वेळ होता, बेल काही होईना. शंकेखोर बाई म्हणाल्या, सर, भूमिका उतरवा. मी माझं नाव सांगितलं. पुढचं वाक्य जिभेवर येईना. त्यांनी पाणी दिलं. पुन्हा नाव सांगितलं. पुन्हा तिथेच अडलो. हसून न्यायचा प्रयत्न केला, तेही जमलं नाही. मला फार भीती वाटली.

१ जुलै
समितीचा शेरा: प्रात्यक्षिक अत्यंत जिवंत. अभ्यासक्रम सगळ्या शाखांत लागू. विभागप्रमुखांनी अभिनंदन केलं आणि हातात एका समुपदेशकाचं कार्ड ठेवलं. म्हटलं, कशाला, मीच त्याला शिकवलंय. ते म्हणाले, म्हणूनच.
पेपरात काही आलं नाही.

२ जुलै, दुपारी
एकच संकल्प. हिला फोन करून दुसऱ्यांदा विचारायचं. काय झालं, एवढंच. आरशासमोर म्हणून बघितलं.
फोन चक्क हिनंच उचलला. माझं तोंड उघडायच्या आत म्हणाली, जेवलात का?
हो, म्हणालो.
पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं. ती आता पुन्हा विचारेल म्हणून कान लावून बसलो.
बरं, म्हणाली, आणि फोन ठेवला.
विचारायचं मला होतं, हे मग लक्षात आलं. लगेच पुन्हा लावला. मेहुणीनं घेतला. ही अंघोळीला गेली आहे.