शिकवणाऱ्यांची शिकवणी

आदरणीय मेहुणेबुवा,

दाजींचा मनापासून नमस्कार. (वयाने तुम्ही धाकटे, पण बायकोचा भाऊ हा मानाने कायम थोरलाच असतो, हे मी लग्नानंतर फार लवकर शिकलो.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या फोनवर नीट कळलं नाही, कारण मध्येच तुमच्या ताईने माझ्या हातून फोन ओढून घेतला आणि स्वतःचा गुडघा सांगायला सुरुवात केली. वहिनींच्या शिंका थांबल्या का? तुमच्या सासूबाईंची नवी कवळी बसली, की अजून रुमालात गुंडाळून उशाशीच असते? थोरल्याची पाठ, धाकटीचा घसा आणि कुत्र्याचा कान, तिन्हींचं वेगवेगळं कळवा; एकत्र कळवलंत की ताई घोटाळा करते आणि भलत्यालाच औषध सुचवते. इकडे सगळे ठणठणीत. माझ्या डोळ्यांना बारीक अक्षरातलं सरकारी लिखाण तेवढं दिसत नाही, त्यामुळे तब्येत उलट सुधारली आहे.

पत्राला विशेष कारण असं काही नाही. सहज लिहायला बसलो. मागच्या खेपेला तुम्ही आमच्याकडे जेवायला होतात, तेव्हा हात धुता धुता एक वाक्य बोलून गेलात. शिक्षक झाला म्हणजे तो शिकून झालेलाच असतो, मग त्याला पुन्हा शिकवायला सरकारने पैसे का द्यायचे, हे म्हणजे माशाला पोहण्याची शिकवणी लावणं झालं, असं काहीसं. तुम्ही पडलात सरकारच्या शिक्षणखर्च समितीचे सभासद, तेव्हा सगळे हसले. मीही हसलो. (पाहुण्याच्या विनोदाला हसणं यजमानाच्या कामातच धरलेलं असतं.) सूनबाई तेवढी हसली नाही. तिने तुमच्या हाती टॉवेल दिला आणि आत गेली. ते वाक्य मात्र माझ्या दातात काहीतरी अडकावं तसं अडकून बसलं आहे. आज काडी घालून काढतो.

मी शाळेत फार गेलो नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझं वाचन झालं ते सलूनमध्ये गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या वर्तमानपत्रांवर, तेही अर्धं. उरलेलं पान गिऱ्हाइकाच्या हातात असायचं. त्यामुळे जगातल्या कुठल्याही विषयावर माझं मत निम्म्यापर्यंत अगदी पक्कं असतं. पण धंद्याचं पूर्ण सांगू शकतो. आमच्याकडे नवा माणूस कामाला आला की आधी त्याच्या हातात फुगा देतात. फुगवलेल्या फुग्यावर साबणाचा फेस लावायचा आणि तो वस्तऱ्याने काढायचा. फुगा फुटेनासा झाला की मग माणसाचा गाल. आणि गालापर्यंत पोचला म्हणून संपलं असंही नाही. वस्तऱ्याला रोज धार लावावी लागते. काल लावली होती असं सांगितलं तर गिऱ्हाईक ऐकून घेत नाही, हनुवटीला हात लावून ओरडतं. आता मला सांगा, एका गालासाठी एवढी तयारी, आणि पोरांनी भरलेला वर्ग एखाद्याच्या हवाली करून पुढे त्याच्याकडे जन्मभर बघायचंच नाही?

सूनबाईचंच घ्या. वर्ग उत्तम घेते, म्हणून तिला मुख्याध्यापिका केलं. (चांगलं गातो म्हणून एखाद्याला उचलून नाट्यगृहाचा व्यवस्थापक करावं, तसं.) आधीचे मुख्याध्यापक निवृत्त होताना किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातात ठेवून गेले, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, तेही सांगितलं नाही. पंप बिघडलेला, छत गळतं, दोन शिक्षिका एकमेकींशी बोलत नाहीत आणि त्या दोघींच्या टेबलांच्या मधोमध हिची खुर्ची. संध्याकाळी घरी आली की पायांतल्या चपलांसकट जिन्यावरच बसून राहायची. ताई म्हणाली, सोड ती नोकरी, शाळा काय तुझ्या बापाची आहे? मी म्हणालो, बापाची असती तर विकता तरी आली असती. त्या दिवशी माझ्या विनोदाला कुणी हसलं नाही.

मग सरकारचं ते प्रशिक्षण आलं. नव्या मुख्याध्यापकांना काही दिवस एकत्र बसवून शाळा चालवायची कशी, माणसं सांभाळायची कशी हे शिकवलं. त्यानंतर एक अनुभवी बाई अधूनमधून शाळेत येऊन हिच्याजवळ बसू लागल्या. ओरडायला नाही हो, नुसत्या बघायला आणि बोलायला. (आम्ही घरात त्यांना आत्याबाई म्हणतो, त्यांना माहीत नाही.) शिक्षकांनाही आलटून पालटून पाठवलं, आणि ते गेले की त्यांच्या वर्गावर बदली शिक्षक देण्याचा खर्चही सरकारने उचलला. हे शेवटचं महत्त्वाचं. नाहीतर गुरुजी शिकायला गेले आणि वर्ग खिडकीतून बाहेर गेला, असा प्रकार होतो.

तिथे शिकलेल्या एका गोष्टीने आमच्या घराची मात्र दैना केली. प्रश्न विचारला की समोरच्याला विचार करायला वेळ द्यायचा, आपणच उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही, असं त्यांना सांगितलं आहे. सूनबाईने ते घरी आणलं. गच्चीवरच्या टाकीचा नळ कोणी उघडा ठेवला, असं तिने एका सकाळी शांतपणे विचारलं आणि हसतमुखाने उभी राहिली. मेहुणेबुवा, ओरडणारी माणसं मी खूप पचवली आहेत, पण हसतमुख शांतता पचत नाही. माझ्या चिरंजिवांनी कबूल केलं की नळ त्यांनी उघडा ठेवला. ताईने कबूल केलं की तिनेच ठेवला. मी गच्चीवर गेलोच नव्हतो, तरी मीही कबूल केलं. शेवटी वाटी परत करायला आलेल्या शेजारीणबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी गेल्या वर्षी आमची कुंडी फोडल्याचं सांगून टाकलं.

शाळेत याच गोष्टीने काय केलं ते आता ऐका. तिथे गणिताचे एक जुने गुरुजी आहेत, त्यांना सगळे तोफ म्हणतात. (समोरसुद्धा. त्यांना आवडतं.) शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात मागे बसायचं आणि दिसलं तेवढंच सांगायचं, नावं ठेवायची नाहीत की कौतुकही करायचं नाही, अशी नवी रीत सूनबाईने सुरू केली. तोफ गरजले, माझ्या वर्गात दुसऱ्या कुणी मागे बसायला मी काय मेलोय? हिने वाद घातला नाही. त्यांनाच म्हणाली, गुरुजी, आधी तुम्ही माझ्या वर्गात बसा, माझं काय चुकतं ते बघा. ही लालूच कुठल्या ज्येष्ठाला आवरली आहे? बसले. मग लाजेकाजेस्तव हिलाही त्यांच्या वर्गात बसू द्यावं लागलं. तास संपल्यावर हिने एवढंच सांगितलं की, गुरुजी, तुम्ही तासभर प्रश्न विचारलेत आणि प्रत्येकाचं उत्तर तुम्हीच दिलंत. तोफांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, अहो, म्हणजे इतकी वर्षं वर्गात मी एकटाच पास होत होतो!

त्यानंतर ते थांबायला शिकले. फार अवघड गेलं. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभे राहायचे. आणि खिडकीजवळ बसणारी एक मुलगी, वर्षभर जिचा आवाज कुणी ऐकला नव्हता, ती एक दिवस उठून फळ्याशी गेली आणि गणित सोडवून आली. तोफ दुपारच्या सुट्टीत सूनबाईच्या खोलीत आले, पाणी पिऊन गेले. हे सांगताना सूनबाईचे डोळे भरले होते, आणि माझे तर मुळातच कमजोर. मी त्या दिवशी सलूनमध्ये जाऊन (धंदा आता चिरंजीव बघतात, तरी मी उगाचच जातो) प्रत्येक गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगितली. एक जण दाढी अर्धी असताना उठू लागला, त्याला बसवून पूर्ण सांगितली.

आता माझ्या फजितीकडे येतो. येत्या वर्षापासून या प्रशिक्षणाचा पैसा बंद करावा असं तुमच्या समितीत घाटत आहे, म्हणून शाळांचं म्हणणं ऐकायला सभा बोलावली होती. तुम्ही गुडघ्यामुळे आला नाहीत, म्हणून तिथे काय घडलं ते माझ्याकडून ऐका; दुसरीकडून ऐकाल तर त्यात माझी बाजू नसेल. आमच्या शाळेला मोजका वेळ दिला होता. सूनबाई मागणी मांडणार, त्याआधी तोफ दोन शब्द बोलणार, आणि मी पालकांतर्फे (नात तिसरीत आहे) नुसता बसणार, असं ठरलं होतं. नुसता या शब्दावर सूनबाईने दोनदा जोर दिला होता.

तोफ उठले. भाषण केलंच नाही. सभासदांना एकच प्रश्न विचारला की आपल्या कामातली नवी गोष्ट आपण शेवटची कधी शिकलात, आणि कुणाकडून? आणि हात पाठीमागे धरून उभे राहिले. झालं, शांतता. एका सभासदांनी रिकामा कप तोंडाला लावला. दुसरे कागद उलटा धरून वाचू लागले. अध्यक्षांच्या कपाळावर काहीतरी हलू लागलं, बहुधा उत्तर जवळ येत असावं. अजून थोडा दम धरला असता तर काम फत्ते होतं. पण मेहुणेबुवा, मी न्हावी माणूस. माणूस खुर्चीत बसलेला आहे आणि कुणीच बोलत नाही, हे माझ्या हाडांना सोसत नाही. मी उठलो आणि म्हणालो, अध्यक्षसाहेब, तुमचा उजवा कल्ला डाव्यापेक्षा बोटभर खाली आहे.

मला पुढचं बोलायचं होतं हो! स्वतःचं डोकं मागून कुणाला दिसत नाही, न्हाव्यालाही दुसऱ्या न्हाव्यापुढेच बसावं लागतं, तसंच शिक्षकाचं आणि मुख्याध्यापकाचं, असं उत्तम बोलायचं होतं. पण अध्यक्षांचा हात कानाशी गेला तो तिथेच राहिला. त्यांच्यामागोमाग सगळ्या सभासदांचे हात आपापल्या कानांशी गेले. कुणी हसलं, कुणी शांतता, शांतता म्हणून ओरडलं, आणि तेवढ्यात शिपायाने घंटा वाजवून आमची वेळ संपल्याचं सांगितलं. मागणी सूनबाईच्या ओठांवरच राहिली. तिने ती रात्र रात्र बसून तयार केली होती.

परतताना मी मान खाली घालून चालत होतो. तोफ म्हणाले, आजोबा, तोफ मी आणि बार तुमचा! सूनबाई रागावली नाही. म्हणाली, बाबा, सांगितलंत ते खरंच होतं, पण सुरुवात स्वतःच्या कल्ल्यापासून करायची असते. आम्हाला प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी हे शिकवतात. जिन्यावर चपलांसकट बसणारी ती हीच का? पोरीला सरकारने थोडं शिकवलं, तर ती सासऱ्याला इतक्या हळुवारपणे शिकवू लागली. यापेक्षा पैशाचं सोनं अजून काय करायचं असतं?

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, सासूबाईंना जपा. उत्तर लवकर पाठवा.

तुमचा,
दाजी

ता. क. – वर विशेष कारण नाही असं लिहिलं, ते शिष्टाचार म्हणून. पुढच्या बैठकीत मतदान होणार आहे आणि निम्मे इकडे, निम्मे तिकडे आहेत असं ऐकतो. तुमचं मत मी मागत नाही. नातलगाने मत मागू नये. फक्त बैठकीआधी एक दिवस तोफांच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसा. मग सूनबाईची राहिलेली मागणी कुणीतरी बैठकीत मांडायला हवी असं वाटलं, तर मांडा. नाही वाटलं तर जेवून जा.

ता. क. दुसरा – हे पत्र ताईने वाचलं. ती म्हणते, इतकं लांबण कशाला, सरळ लिहा की नाही म्हणालास तर बहिणीशी गाठ आहे. मी ते लिहिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

ता. क. तिसरा – एक खासगी. पैसा बंद झाला तरी थांबायचं नाही, असं शिक्षकांनी ठरवलं आहे. दर शनिवारी आमच्या बाहेरच्या खोलीत जमणार, आत्याबाई पदरमोड करून येणार, चहा ताईकडे. ऐकून माझी छाती एवढी फुगली की खोली रंगवायला काढली आहे. पण हे समितीत चुकूनही बोलू नका. फुकटात होतंय असं कळलं की खिशाकडे निघालेला सरकारचा हात टाळ्या वाजवायला वर जाईल, आणि मग डोंगरापलीकडे एकाच बाईंवर चालणारी शाळा आहे, त्या बाईंना कुणाच्या बाहेरच्या खोलीत बसवायचं? तेव्हा काय ते लवकर लिहा, कारण शनिवारसाठी शेजाऱ्यांकडच्या खुर्च्या मी आजच सांगून ठेवतो आहे.