वरची काच, खालची काच

प्रिय भाऊजी,

वहिनीचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, जाऊबाईंचा खोकला थांबला का आणि वरच्या मजल्याचं गळणं बंद झालं का, ते सविस्तर कळवा. (मागच्या पत्रात तुम्ही तिन्हींचं उत्तर ‘ठीक’ एवढ्या एका शब्दात दिलं होतं. त्यातलं काय ठीक होतं ते मला अजून कळलेलं नाही.) इकडे आम्ही खाऊनपिऊन बरे आहोत. निदान मी आहे. तुमच्या बंधूंचं सांगण्यासाठीच हे पत्र.

निवृत्त झाल्यापासून हे हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात जातात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तिथे दुर्बीण विकत घेणाऱ्याला जरा कमीच समजतात. तिच्यातला आरसा स्वतः घासला तरच माणूस माणसात. तेव्हा यांनीही दुर्बीण करायला घेतली, तीही सुटी होऊन दोन पेट्यांत बसणारी, गाडीच्या मागच्या सीटवर घालून कुठेही नेता येणारी. पेट्या आधी झाल्या. कड्या लागल्या, आतून माझ्या जुन्या शालीचं अस्तर लागलं. ठेवायला मात्र काही नव्हतं. आरसा करायची रीत अशी: जेवणाच्या ताटलीएवढ्या दोन जाड काचा घ्यायच्या, मध्ये करकरीत पूड आणि पाणी घालायचं, आणि उभ्या पिंपावर ठेवून एक दुसरीवर घासायची. वरची हळूहळू खोलगट होते, तिचा आरसा करतात. खालची नुसती मार खाते. (संसारातही असंच चालतं, पण तो विषय वेगळा.) खळगा सगळीकडून सारखा पडावा म्हणून घासताना पिंपाभोवती फिरावं लागतं. पिंप माझ्या स्वयंपाकघरात, कारण नळ तिथे. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चाला म्हटलं तेव्हा ज्यांचे पाय दुखायचे, ते दोन-दोन तास पिंपाभोवती फेऱ्या मारत होते. हे पलीकडे गेले की मी तेवढ्यात भाजी चिरून घ्यायची.

मधोमध दोन मिलिमीटर खोली हवी होती. दीड महिन्यात दीड झाली. पुढचे अकरा दिवस यांनी जोर लावला (चष्म्यावर चिखल उडतो म्हणून चष्मा काढून), पट्टी ठेवून मोजलं, तर एक. मीही मोजलं, एकच. घासून घासून खळगा भरून आलेला मी पहिल्यांदाच पाहिला. शेवटी उलगडा झाला: वरची काच खाली आणि खालची वर, असं अकरा दिवस चाललं होतं.

मी हसले. हे हसले नाहीत. टॉवेलने हात पुसत म्हणाले, “आईचं असंच सुरू झालं होतं.” तुम्हाला आठवत असेल, सासूबाईंनी आधी किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या, मग तुम्हाला यांच्या नावाने हाक मारू लागल्या आणि शेवटी शेवटी मला विचारायच्या, तुम्ही कोणाकडच्या. तेव्हापासून पिंप बंद. घरभर चिठ्ठ्या चिकटल्या आहेत: ‘गॅस’, ‘दार’, ‘गोळी घेतली’. (ही शेवटची चोवीस तास चिकटलेली असते, त्यामुळे तिचा उपयोग शून्य.) मंडळाचे चिटणीस, म्हणजे एक रिटायर्ड पोस्टमास्तर, फोनवर म्हणाले, “वहिनी, अकरा दिवसांचं काय घेऊन बसलात, मी तीन आठवडे उलटं घासलंय. पाठवा त्यांना रविवारी.” मी निरोप दिला. हे म्हणाले, “ते विसराळू नाहीत, वेंधळे आहेत. वेंधळ्याचं बरं असतं.” काल मला म्हणाले, बँकेची कामं आता तू शिकून घे. चाळीस वर्षं ती मीच करते आहे, हे मी बोलले नाही. तेही विसरलो असं यांना वाटलं असतं.

तेव्हा तुम्ही या. तुम्ही दातांचे डॉक्टर आहात याची मला कल्पना आहे, पण यांच्या लेखी डॉक्टर तो डॉक्टर. सहज आलो असं दाखवा, चार प्रश्न विचारा आणि डोकं शाबूत आहे म्हणून सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. तपासायची गरज नाही, नुसतं सांगा. काचा मी उलट्या ठेवल्या. पिंपावरचा चिखल निघेना म्हणून दोन्ही उचलून धुतल्या, आणि एकीच्या पाठीवर लाल डाग होता तोही तारेच्या घासणीने काढला. ती आरशाची खूण होती. हे मला अकराव्या दिवशी कळलं, आणि तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माझी चूक होत नाही असं या घरात धरून चालतात, त्यामुळे सुरुवात कशी करायची ते मला येत नाही. तुम्हाला येतं, तुम्ही लहानपणापासून चुकत आला आहात.

आणखी एक. वरचं पुन्हा वाचलं, आणि पाकीट बंद करण्याआधी आत जाऊन सांगून टाकलं. हे म्हणाले, “म्हणजे मी नाही?” मी म्हटलं, नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा म्हटलं, नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला जरा काळजी वाटली. पण यांना ते नुसतं ऐकायला बरं वाटत होतं. सध्या चिठ्ठ्या काढण्याचं काम चालू आहे.

शेवटचं. तरीही या. तासाभरात यांनी हरवलेली छत्री, विजेचं न भरलेलं बिल आणि चार वर्षांपूर्वी चुकलेली गाडी, एवढं माझ्या नावावर टाकलं आहे. आज मी सगळं कबूल केलं. उद्यापासून करणार नाही, तेव्हा माझ्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं.