गोटी चारवर

३ तारीख
आले एकदाची! खोली ऐसपैस, मालकीणबाई गोड. काम काय, तर त्यांच्या अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांपाशी बसायचं. काकांची वाचा गेलेली, श्वासाला सिलिंडरचा ऑक्सिजन. भिंतीवर काचेची नळी आहे, खाली अरुंद, वर रुंद. वायू आतल्या गोटीला उचलून धरतो. झोत जास्त, तेवढी ती वर. गोटी चारच्या रेघेवर हवी. दर तासाला बघून वहीत आकडा लिहायचा. काकांनी जन्मभर असल्याच नळ्या बनवल्या म्हणे. आता स्वतःच तसल्या एका नळीच्या जिवावर आहेत! मनातल्या मनात हसले.

६ तारीख
चार, चार, चार. गोटी ढिम्म हलत नाही. मग सारखं कशाला उठा? सकाळीच संध्याकाळपर्यंतचे चार लिहून टाकले आणि कादंबरी घेऊन बसले.

९ तारीख
म्हाताऱ्यानं डोकं उठवलंय. एक हात तेवढा चालतो, त्यातल्या अंगठीनं पलंगाच्या दांड्यावर टिक, टिक. नजर नळीवर, मग माझ्यावर. अंगठी काढून घेतली, तर नखानं सुरू! शेवटी हात रुमालानं दांड्याला बांधला. काय शांत वाटलं म्हणून सांगू!

१० तारीख
दुपारी काका गेले. ओठ निळे, डोळे नळीवर. मी आधी रुमाल सोडला, मग हाक मारली. वहीत सगळीकडे चार. मालकीणबाई माझ्या गळ्यात पडून रडल्या. पोटच्या मुलीसारखं केलंत, म्हणाल्या.

१२ तारीख
सिलिंडर न्यायला मिस्त्री आला, काकांच्याच हाताखाली शिकलेला. सिलिंडर रिकामा, गोटी मात्र चारवर. त्यानं नळीला टिचकी मारली. गोटी टपकन तळाला.
ओल धरली की ती काचेला चिकटते, म्हणाला. काकांचा पहिला धडा: आधी टिचकी, मग आकडा. कोणी विसरलं की काका हाताशी येईल त्यावर टिकटिक करून बजावायचे.
मी वही मिटली.

१३ तारीख
मालकीणबाईंनी ठेवून घेतलं. खोली तीच, झोपायला काकांचाच पलंग. नळी अजून भिंतीवर आहे. सकाळपासून टिक, टिक. मी हात लावलेला नाही.

१४ तारीख
गोटी एकवर. सिलिंडर नाही, वायू नाही, मग —

दुपार
तीनवर. ती चढते तसा माझा श्वास — डावा हात दांड्यापासून सुटत नाही. रुमाल नाही, काही नाही, तरी —

चार. आवाज फुटत नाही. मालकीणबाई डोकावल्या. भिंतीकडे पाहिलं. चारवर आहे ना, मग ठीक आहे, म्हणाल्या. दार लोटून गेल्या.
पेनानंच दांड्यावर टिक —
टि